आवाज कुणाचा, शब्द कुणाचे? व्हिडिओ निबंधाचा विसरलेला इतिहास

मागच्या महिन्यात एका तरुण कार्यकर्त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. 'दादा, नक्की बघा, चॅनेल सबस्क्राइब करा.' व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. 'सैराट' (2016) आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धडक' (2018) यांची तुलना, आणि त्याआधी हिंदी पडद्यावर अस्पृश्य माणूस कसा दाखवला गेला याची पार्श्वभूमी. काम मन लावून केलेले होते. आवाज खणखणीत, दृश्यांची निवड नेमकी. जी जात 'सैराट'च्या प्रत्येक चौकटीत आहे ती राजस्थानात पोचेपर्यंत कशी विरघळते, हे त्याने दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून दाखवले. मी खूश होतो.

आठव्या मिनिटाला मात्र थबकलो. 'अछूत कन्या'मधली (1936) कस्तुरी रेल्वे अपघात टाळताना मरते. 'सुजाता'मधली सुजाता तिला मनापासून मुलगी न मानणाऱ्या बाईला रक्त देते. म्हणजे अस्पृश्य मुलीने आधी जीव द्यायचा किंवा रक्त द्यायचे, मग प्रेक्षकाने तिला माणूस म्हणायचे. हा युक्तिवाद आणि त्यातली वाक्येच्या वाक्ये माझ्या ओळखीची होती. ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातल्या एका गुरुजींनी स्वतःच्या पगारातून चालवलेल्या अनियतकालिकात हा लेख लिहिला होता. त्याचा पिवळा पडलेला अंक माझ्या कपाटात आहे. व्हिडिओत गुरुजींचे नाव नव्हते, खालच्या माहितीतही नव्हते.

मी पोराला लगेच फोन केला नाही. आधी मला दुसराच एक इतिहास सांगायचा आहे, तो अमेरिकेतला आहे. हा जो व्हिडिओ निबंध नावाचा प्रकार आपली पोरे आज करू लागली आहेत, म्हणजे चित्रपट, मालिका, गाणी, व्हिडिओ गेम यांचेच तुकडे दाखवत त्यावर बोलायचे, तो तिथे वाढला. त्याच्या जन्माची कथाही तिथे एका ठरावीक पद्धतीने सांगितली जाते.

ती कथा अशी. फ्रान्समध्ये क्रिस मार्कर, गोदार अशा दिग्दर्शकांनी निबंधासारखे चित्रपट केले. गोदारने 1988 ते 1998 या काळात सिनेमाच्या इतिहासावर सिनेमाच्याच तुकड्यांतून मालिका बनवली. मग 2005 मध्ये यूट्यूब आले. घरच्या संगणकावर चित्रफीत कापता-जोडता येऊ लागली. 2009 च्या अखेरीस अमेरिकेतल्या 'रेड लेटर मीडिया' या मंडळींनी 'स्टार वॉर्स'च्या 'फँटम मेनेस'ची सत्तर मिनिटांची चिरफाड केली. त्या वेळी यूट्यूबवर एका व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून ती सात तुकड्यांत टाकली गेली. 2014 मध्ये टोनी झोऊ आणि टेलर रामोस यांचे 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' सुरू झाले आणि चित्रपटाची भाषा समजावून सांगणाऱ्या छोट्या, देखण्या व्हिडिओंची लाट आली. थोडक्यात, आधी कलावंत, मग सिनेमावेडे, मग आपण सगळे.

यात खोटे काही नाही, पण ही कथा अर्धी आहे. ती सिनेमावर प्रेम करणाऱ्यांपासून सुरू होते. सिनेमाने ज्यांच्या तोंडाला काळे फासले त्यांनी काय केले, हे त्यात येत नाही.

1915 मध्ये ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. गोऱ्या नटांनी तोंडाला काळा रंग लावून काळ्या माणसांना बलात्कारी, आळशी, मूर्ख म्हणून उभे केले आणि कू क्लक्स क्लॅन या खुनी टोळीला तारणहार बनवले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो व्हाइट हाउसमध्ये पाहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस मरगळलेली क्लॅन जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. काळ्यांच्या हक्कांसाठी 1909 मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने शहराशहरांत या चित्रपटाविरुद्ध मोहीम उघडली. बोस्टनमध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर रस्त्यावर उतरले. संघटनेच्या बोस्टन शाखेने चित्रपटाच्या खोटेपणावर पुस्तिका काढली. हे घडत होते तेव्हा बाबासाहेब त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. लोकप्रिय संस्कृतीची चिकित्सा ही रिकामटेकड्यांची हौस नव्हती. चित्रपटामुळे आपल्या वस्तीवर जमाव चालून येऊ शकतो, हे ओळखलेल्या लोकांचे ते काम होते. फक्त त्यांच्या हातात कागद होता, फिल्म नव्हती. पडद्यावरचे चित्र थांबवून 'हे बघा' म्हणण्याची सोय फिल्मच्या मालकाकडे होती.

ती सोय पहिल्यांदा हिसकावून घेणाऱ्यांपैकी एक होता व्हिटो रुसो. जन्म 1946, न्यूयॉर्क. समलिंगी चळवळीचा कार्यकर्ता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या चित्रपट विभागात नोकरीला, म्हणजे जुन्या फिल्मच्या डब्यांपर्यंत हात पोचणारा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या संघटनेचे कार्यालय आग विझवणाऱ्या बंबांच्या एका जुन्या ठाण्यात होते. तिथे तो आपल्या लोकांना जमवून चित्रपट दाखवायचा. घरी एकट्याने पाहिलेला चित्रपट आणि आपल्यासारख्या शेकडो जणांत बसून पाहिलेला चित्रपट हे दोन वेगळे चित्रपट असतात. जिथे एरवी मान खाली जायची तिथे हशा पिकतो, जिथे हसायचे असते तिथे सभागृह गप्प होते. हे आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

याच अनुभवातून रुसोने एक व्याख्यान रचले. चित्रपटांचे तुकडे दाखवायचे, मध्ये बोलायचे, पुन्हा तुकडा दाखवायचा. हे व्याख्यान घेऊन तो महाविद्यालयांत आणि महोत्सवांत वर्षानुवर्षे फिरला. 1981 मध्ये त्यातून 'द सेल्युलॉइड क्लोझेट' हे पुस्तक झाले, 1987 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. आता मला सांगा, तुकडे, निवेदन, युक्तिवाद आणि समोर प्रेक्षक, याला व्हिडिओ निबंध म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? यूट्यूब सुरू व्हायच्या तीसेक वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

रुसोने दाखवले ते असे. हॉलिवूडने 1930 मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली आणि 1934 पासून ती कडकपणे लागू केली. हेज कोड म्हणून ती ओळखली जाते. समलिंगी माणसाचे नाव घ्यायला तिने बंदी घातली. पण बंदी म्हणजे माणूस पडद्यावरून गायब झाला असे नव्हे. तो खलनायक म्हणून आला, विदूषक म्हणून आला, आणि शेवटच्या रिळात मरण्यासाठी आला. कोण कसा मेला याची यादीच रुसोने पुस्तकाच्या शेवटी दिली. आणखी एक तपशील आपल्या कामाचा आहे. याच संहितेने गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले लैंगिक संबंध दाखवायलाही मनाई केली होती. बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबियातच वाचलेल्या निबंधात जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे असे मांडले. हॉलिवूडच्या सेन्सॉरने ते वाचले नसेल, पण भिंत कुठे राखायची हे त्यालाही पक्के ठाऊक होते.

दुसरे नाव मार्लन रिग्ज. टेक्सासमध्ये जन्मलेला, बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा काळा तरुण. व्हिडिओ तंत्र स्वस्त होऊ लागले होते, त्याचा त्याने पुरेपूर उपयोग केला. 1986 चा त्याचा 'एथ्निक नोशन्स' तासाभराचा आहे. जाहिराती, व्यंगचित्रे, गाण्यांच्या वह्यांची मुखपृष्ठे, स्वयंपाकघरातल्या बरण्या, खेळणी, चित्रपट या सगळ्यांतून काळ्या माणसाची प्रतिमा गुलामगिरीपासून पुढे कशी घडवली गेली, हे तो एकेक वस्तू समोर ठेवून दाखवतो. गुलामगिरीच्या काळात काळा माणूस हसरा, नाचरा, मालकावर खूश. गुलामगिरी संपल्यावर तोच माणूस एकदम हिंस्र पशू. माणूस तोच, मालकाची गरज बदलली. आणि या सगळ्यात गोऱ्यांच्या घरात राबणारी, लठ्ठ, प्रेमळ, स्वतःचे घर नसलेली 'मॅमी'. या माहितीपटाला आवाज दिला एस्थर रोल यांनी. या अभिनेत्रीने टीव्हीवर मोलकरणीची भूमिका केली होती. त्याच पात्रावरून नवी मालिका निघाली तेव्हा पात्राला नवरा हवा, मुलांना बाप हवा, असा त्यांनी आग्रह धरला होता. त्यामुळे 'मॅमी'बद्दलचे निवेदन त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो.

पुढे 'कलर अ‍ॅडजस्टमेंट'मध्ये (1992) रिग्जने टीव्ही घेतला. 'एमॉस अँड अँडी' ही मालिका 1928 मध्ये रेडिओवर सुरू झाली ती दोन गोऱ्या माणसांनी काळ्यांचे आवाज काढून. तिथपासून थेट 'द कॉस्बी शो'पर्यंत तो येतो. गंमत अशी की तो 'कॉस्बी'वर खूश होत नाही. श्रीमंत, डॉक्टर, गोड काळे कुटुंब पाहून 'चला, प्रगती झाली' म्हणणाऱ्यांना तो विचारतो की बाहेरच्या गरीब काळ्या वस्तीचे काय? केवळ 'सकारात्मक प्रतिमा' मागणाऱ्या आपल्याकडच्या मित्रांनी हा माहितीपट जरूर पाहावा. आपला माणूस पडद्यावर सुटाबुटात आला की प्रश्न मिटला, असे रिग्जने मानले नाही.

रुसो 1990 मध्ये एड्सने गेला, वय 44. रिग्ज 1994 मध्ये त्याच रोगाने गेला, वय 37. शेवटचा चित्रपट तो रुग्णालयाच्या खाटेवरूनही करत होता. रुसोच्या पुस्तकावरचा माहितीपट 1995 मध्ये आला, तो पाहायला रुसो नव्हता.

यूट्यूबच्या काळात काय बदलले? पहिला बदल म्हणजे चित्रपट थांबवून दाखवण्याची सोय सगळ्यांच्या हातात आली. ही क्रांतीच होती आणि मी तिचा पक्षपाती आहे. पण समान साधन हाती आले म्हणजे समान वागणूक मिळाली, असे झाले नाही. 'स्टार वॉर्स'ची सत्तर मिनिटे खिल्ली उडवणारा गोरा पुरुष जगभर लाडका झाला. याउलट अनिता सर्कीझियन या बाईने 2012 मध्ये व्हिडिओ गेममधल्या स्त्रीप्रतिमांवर मालिका करायची म्हणून लोकांकडे 6,000 डॉलर मागितले. मालिका बनण्याआधीच तिच्यावर शिव्यांचा, बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्यांचा पाऊस पडला. क्लिक केले की तिच्या चेहऱ्यावर जखमा उमटतात असा एक गेम कुणीतरी बनवला. लोकांनीही उत्तर दिले, 1,58,922 डॉलर जमले. पण ऑक्टोबर 2014 मध्ये यूटा राज्यातल्या एका विद्यापीठात तिचे व्याख्यान होते, तेव्हा गोळीबाराची धमकी आली. तिथल्या कायद्यामुळे सभागृहात बंदूक घेऊन येणाऱ्याला अडवता येणार नाही असे पोलिसांनी सांगितले. व्याख्यान रद्द झाले. गेममधल्या राजकन्येला कोण वाचवतो, एवढ्याच विषयावर ही बाई बोलत होती. विषय एवढा क्षुल्लक असता तर बंदुका कशाला निघाल्या असत्या?

दुसरा बदल पैशाचा आणि यंत्राचा. यूट्यूबची एक यंत्रणा प्रत्येक व्हिडिओत मालकी हक्काचे चित्र वा संगीत आहे का हे आपोआप तपासते. टीका-समीक्षेसाठी तुकडा वापरण्याची मुभा अमेरिकेच्या कायद्यात आहे, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्येही आहे. पण यंत्राला कायदा कळत नाही. 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग'च्या दोघांनी 2017 मध्ये काम थांबवताना मोकळेपणाने लिहिले की तुकडा किती लांब ठेवायचा, कुठे कापायचे, ही त्यांची जी शैली म्हणून नावाजली गेली ती बरीचशी या यंत्राला चुकवण्यातून घडली. शैलीचे कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पुढे प्रेक्षकांकडून दरमहा वर्गणी घेण्याच्या सोयी आल्या, व्हिडिओ लांबत गेले. सात मिनिटांचे चार तास झाले. वर्गणी टिकवायची तर सतत नवा माल हवा. आणि सतत नवा, अभ्यासलेला माल एकटा माणूस कुठून आणणार?

त्याचे एक उत्तर 2 डिसेंबर 2023 रोजी जगासमोर आले. हॅरिस ब्रूइस ऊर्फ 'एचबॉम्बरगाय' या ब्रिटिश यूट्यूबरने वाङ्मयचौर्यावर जवळपास चार तासांचा व्हिडिओ टाकला. तो एक कोटीहून अधिक वेळा पाहिला गेला. त्याचा मोठा भाग जेम्स सॉमरटन या कॅनडातल्या यूट्यूबरवर होता. सॉमरटन स्वतः समलिंगी. चित्रपटातल्या समलिंगी इतिहासावर तो व्हिडिओ करायचा आणि आपल्या समाजाचा इतिहास सांगणारा म्हणून लोकांकडून वर्गणी घ्यायचा. ब्रूइसने काय केले? सॉमरटनचा आवाज चालू ठेवला आणि शेजारी मूळ मजकूर उमटवत गेला. ओळीमागून ओळ तीच. डिस्नेवरचा मजकूर शॉन ग्रिफिन या अभ्यासकाच्या 2000 सालच्या पुस्तकातला. आणखी कितीतरी लेखकांचे लेख, दुसऱ्या यूट्यूबरांचे व्हिडिओ. आणि त्यातच 'द सेल्युलॉइड क्लोझेट'. ज्या माणसाने फिल्मचे तुकडे खांद्यावर वाहून गावोगाव हा इतिहास उभा केला, त्याचेच शब्द तेहतीस वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडी होते. दुसऱ्याच दिवशी 'टॉड इन द शॅडोज' या समीक्षकाने वेगळा व्हिडिओ टाकून दाखवले की सॉमरटन जिथे स्वतःचे म्हणून काही सांगतो तिथे ते बऱ्याचदा चुकीचे किंवा रचलेले आहे. सॉमरटनने चॅनेल उतरवले. ब्रूइसने आपल्या व्हिडिओची कमाई ज्यांचे लेखन चोरले गेले त्या लेखकांना द्यायचे ठरवले.

मला या प्रकरणातली सर्वांत झोंबणारी गोष्ट ही वाटते की लुटणारा परका नव्हता. परक्याने लुटले तर आपण लगेच ओळखतो, तो अनुभव आपल्याला पिढ्यानपिढ्यांचा आहे. पण 'आपलाच आहे, आपलेच सांगतो, समाजाचे काम करतो' म्हणताना आपण विचारायचे थांबतो. सॉमरटनच्या प्रेक्षकांनीही विचारले नव्हते. कुणी शंका काढली तर तो अल्पसंख्याक समाजाच्या आवाजावरचा हल्ला आहे, असा त्याचा पवित्रा असायचा. ही ढाल आपल्याकडे कुणी वापरत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

व्हिडिओ निबंधाच्या घडणीतच एक भोक आहे. छापील लेखात तळटीप असते, अवतरणचिन्ह असते. आवाजाला अवतरणचिन्ह नसते. पडद्यावर चेहरा एकाचा असतो, म्हणून शब्दही त्याचेच वाटतात. मौखिक परंपरेतून आलेल्या आपल्या समाजाला तर हे आणखी सहज वाटते. जलशातले गाणे कुणाचे हे न विचारता आपण ते पुढे नेले. पण आपल्याच परंपरेत शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफण्याची रीतही आहे, आणि गायक ते नाव गाळत नाही.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (1948) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. मालवणकर आणि माईसाहेब यांचे ऋण मानले होते. 1957 मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी 1980 मध्ये ती छापली तेव्हा ती वाचकांसमोर आली. एवढ्या मोठ्या माणसाने मानलेले ऋणही छापायचे राहून जाऊ शकते, मग गावातल्या गुरुजींचे काय घेऊन बसलात!

शेवटी पोराला फोन केला. तो आधी चिडला. 'दादा, मनुवादी चॅनेलवाले आपल्यावर खोटंनाटं दाखवतात ते चालतं, आणि मी समाजासाठी केलं तर तुम्ही चूक काढता?' मी म्हटले, चूक नाही काढत, नाव विचारतो. मग तो गप्प झाला. त्याने मूळ लेख पाहिलेलाच नव्हता. कुणीतरी टाइप करून एका ग्रुपवर टाकलेला मजकूर त्याच्याकडे आला होता, नाव आधीच गळालेले. खोटे बोलत नव्हता.

गेल्या रविवारी आम्ही दोघे गुरुजींकडे गेलो. ऐंशी पार केलेत, नजर अधू आहे. नातीने फोन कानाशी धरला आणि त्यांनी बावीस मिनिटे डोळे मिटून ऐकले. पोरगा घामाघूम. गुरुजी म्हणाले, "वाचतोस चांगला. पण 'सुजाता' 1960 चा म्हणालास. तो 59 चा आहे. ती चूक माझी, मी दुसऱ्या अंकात दुरुस्ती छापली होती." मग नातीला म्हणाले, "माळ्यावरचा दुसरा अंक काढ गं, याला दे."